लोकप्रतिनिधींच्या ऑनलाइन सक्रियतेचे मापन

लोकप्रतिनिधींच्या ऑनलाइन सक्रियतेचे मापन म्हणजे निवडून आलेले खासदार व आमदार आंतरजालावर आणि समाजमाध्यमांवर किती दिसतात, तेथे काय करतात आणि नागरिकांनी विचारलेल्या गोष्टींना कितपत उत्तर देतात, हे ठरावीक निकषांनी मोजण्याची पद्धती होय. राज्यशास्त्र, जनसंवाद आणि संख्याशास्त्र या तिन्ही विद्याशाखांचा तिच्याशी संबंध येतो. पक्ष उमेदवारी देताना, वृत्तपत्रे क्रमवारी छापताना आणि संशोधक प्रतिनिधित्वाचा अभ्यास करताना अशा मापनाचा आधार घेतात. त्यामुळे आकडा कसा काढला, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. चुकीच्या आकड्यामुळे काम करणारा प्रतिनिधी निष्क्रिय ठरू शकतो आणि केवळ झळकणारा कार्यक्षम ठरू शकतो.

प्रस्तुत लेखात या पद्धतीचे विवेचन प्रामुख्याने सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात केले आहे.

दृश्यता आणि सक्रियता

या विषयात दोन संज्ञा वारंवार एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. प्रत्यक्षात त्या भिन्न आहेत. दृश्यता म्हणजे प्रतिनिधीचे नाव, छायाचित्र वा चित्रफीत किती लोकांपर्यंत पोहोचली याचे मान. ती प्रतिनिधीने स्वतः काही न करताही वाढू शकते. समर्थक, विरोधक, वृत्तवाहिन्या आणि विनोदी चित्रफिती तयार करणारे तरुण हे सारे तिच्यात भर घालतात. सक्रियता म्हणजे प्रतिनिधीने, किंवा त्याच्या वतीने त्याच्या कार्यालयाने, स्वतः केलेल्या कृती: नोंदी टाकणे, माहिती देणे, प्रश्नांना उत्तरे देणे, सभागृहातील आपले भाषण लोकांपुढे ठेवणे.

यांत तिसरी संज्ञा जोडणे आवश्यक आहे, ती म्हणजे प्रतिसादशीलता. एखाद्या ग्रामस्थाने पाणीयोजनेविषयी विचारले असता उत्तर मिळाले का, किती दिवसांत मिळाले आणि ते कामाचे होते का, हे तिच्यात पाहिले जाते. मोजायला सर्वांत अवघड हीच बाब आहे. बहुसंख्य क्रमवाऱ्यांत ती आढळत नाही, याचे कारणही बहुधा हेच असावे.

पार्श्वभूमी

लोकप्रतिनिधींच्या आंतरजालीय कामाचे मूल्यमापन समाजमाध्यमांच्याही आधी सुरू झाले. अमेरिकेत काँग्रेस सदस्यांच्या संकेतस्थळांची तपासणी करून उत्तम संकेतस्थळांना 'गोल्ड माउस' पुरस्कार देण्याची प्रथा २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पडली. संकेतस्थळावर मतदाराला उपयोगी माहिती आहे का, ती ताजी आहे का, हे तेथे पाहिले जात असे. ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेल्या 'दे वर्क फॉर यू' या संकेतस्थळाने संसद सदस्यांची भाषणे, मतदान व उपस्थिती सामान्य वाचकाला शोधता येईल अशा रूपात मांडली. त्याच्याशी संबंधित 'राइट टू देम' या सेवेतून प्रतिनिधीला पत्र पाठवणाऱ्या नागरिकाला काही आठवड्यांनी विचारले जाते की उत्तर आले का. या साध्या प्रश्नातून प्रतिसादशीलतेचे मान मिळते. जर्मनीत २००४ मध्येच हॅम्बुर्ग येथे 'अबगेओर्डनेटेनवॉच' सुरू झाले. तेथे नागरिक प्रश्न जाहीरपणे विचारतात, प्रतिनिधी जाहीरपणे उत्तर देतात, आणि कोणी किती प्रश्नांना उत्तर दिले हे सर्वांना दिसते. आंतर-संसदीय संघाने २००८ पासून जागतिक ई-संसद अहवाल आणि २०१३ साली संसदांसाठी समाजमाध्यम-वापराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

भारतात राजकीय नेत्यांचा ट्विटरवरील वावर २००९ च्या सुमारास लक्षात येऊ लागला. शशी थरूर यांनी त्या वर्षी विमानातील सामान्य वर्गाविषयी केलेल्या एका टिप्पणीवरून मोठा वाद झाला. एका ओळीच्या नोंदीला किती राजकीय वजन येऊ शकते याचे ते देशातील आरंभीचे उदाहरण होय. निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ रोजी समाजमाध्यमांविषयी सूचना जारी केल्या. त्यांनुसार उमेदवाराने आपल्या अधिकृत खात्यांची माहिती नमुना २६ मधील शपथपत्रात द्यावी, राजकीय जाहिराती पूर्वप्रमाणित करून घ्याव्यात आणि समाजमाध्यमांवरील खर्च निवडणूक खर्चात धरावा, असे ठरले. अभ्यासकाच्या दृष्टीने यातील पहिली तरतूद फार मोलाची आहे. तिचा उपयोग पुढे स्पष्ट होईल.

सभागृहातील कामाचे मापन भारतात स्वतंत्रपणे विकसित झाले. २००५ साली स्थापन झालेली पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था संसद सदस्यांची उपस्थिती, प्रश्न, चर्चेतील सहभाग व खासगी विधेयके यांची माहिती देते. मुंबईतील प्रजा फाउंडेशन शहरातील आमदारांचे प्रगतिपुस्तक काढते. त्यात उपस्थिती, प्रश्नांची संख्या व दर्जा, गुन्ह्यांच्या नोंदी आणि मतदारांचे सर्वेक्षण यांचा विचार होतो. मात्र हे प्रगतिपुस्तक मुंबईपुरते आहे. ग्रामीण जिल्ह्यांतील आमदारांना तशी नियमित गुणपत्रिका लाभलेली नाही.

सातारा व सांगली

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगलीची २८,२२,१४३ होती. दोन्ही जिल्ह्यांत विधानसभेचे प्रत्येकी आठ मतदारसंघ आहेत. सातारा जिल्ह्यात फलटण, वाई, कोरेगाव, माण, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण व सातारा. सांगली जिल्ह्यात मिरज, सांगली, इस्लामपूर, शिराळा, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठे महांकाळ व जत.

लोकसभेच्या हद्दी मात्र जिल्ह्याच्या हद्दींशी जुळत नाहीत. फलटण व माण हे माढा लोकसभा मतदारसंघात, तर इस्लामपूर व शिराळा हे हातकणंगले मतदारसंघात मोडतात. त्यामुळे 'सातारा जिल्ह्याचे खासदार' असे म्हणताना एकाच नव्हे तर दोन मतदारसंघांचे खासदार विचारात घ्यावे लागतात. सांगलीचीही तीच गत. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर व पुणे शिक्षक मतदारसंघांत तर पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. मापनाचे पहिले पाऊल म्हणजे कोणाला मोजायचे याची यादी. ती करतानाच असे निर्णय घ्यावे लागतात.

या दोन जिल्ह्यांतील प्रतिनिधी एकमेकांशी तुलना करण्यास सोपे नाहीत. कराड दक्षिणचे २०२४ पर्यंतचे आमदार पृथ्वीराज चव्हाण हे २०१० ते २०१४ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. इस्लामपूरचे जयंत पाटील यांनी अर्थ, जलसंपदा अशी खाती सांभाळली आणि दीर्घकाळ पक्षाचे प्रदेशाध्यक्षपद भूषविले. अशा नेत्यांच्या खात्यांना राज्यभरातून वाचक मिळतात आणि पद गेले तरी ते वाचक राहतात. दुसऱ्या टोकाला २०२४ मध्ये तासगाव-कवठे महांकाळमधून निवडून आलेले रोहित पाटील आहेत. त्या विधानसभेतील ते सर्वांत तरुण आमदार म्हणून ओळखले गेले. ज्या पिढीने शाळेतच मोबाइल हाताळला तिचा समाजमाध्यमांशी असलेला संबंध आणि वयाच्या पन्नाशीनंतर खाते उघडणाऱ्याचा संबंध एकच असणे शक्य नाही. सांगलीचे खासदार विशाल पाटील २०२४ साली 'लिफाफा' या चिन्हावर अपक्ष म्हणून विजयी झाले. पक्षाच्या उमेदवाराच्या नोंदी पक्षाच्या शेकडो खात्यांवरून पुढे जातात, अपक्षाला तो आधार नसतो. म्हणून समान पोहोच दिसली तरी तिच्यामागचे श्रम समान नसतात.

खात्याची ओळख

प्रतिनिधीचे खाते कोणते, हे ठरविल्याशिवाय पुढील सर्व आकडेमोड व्यर्थ होय. दोन्ही जिल्ह्यांतील बहुतेक परिचित नेत्यांच्या नावे अनेक पाने आढळतात: स्वतःचे, कार्यालयाचे, 'युवा मंच', 'समर्थक', 'फॅन्स क्लब' अशी. समर्थकांच्या पानावरील पसंती दृश्यतेत धरता येईल, परंतु प्रतिनिधीच्या सक्रियतेत धरता येणार नाही. येथे शपथपत्रातील खात्यांची यादी कामास येते. तिच्याशी ताडून न पाहता केलेली गणना विश्वासार्ह मानू नये. पूर्वी ट्विटरवरील निळी खूणही ओळखीचा पुरावा मानली जाई. परंतु २०२२ च्या अखेरीस ती पैसे भरून मिळू लागली आणि एप्रिल २०२३ मध्ये जुन्या खुणा काढून टाकण्यात आल्या. तेव्हापासून त्या खुणेचा अर्थ बदलला आहे.

ओळखीच्या गोंधळाचे गंभीर उदाहरण सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याशी निगडित आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधील सीमेलगतच्या गावांविषयी केलेल्या वक्तव्यावरून सीमावाद पुन्हा पेटला. १४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांची दिल्लीत बैठक घेतली. ज्येष्ठ नेत्यांच्या नावे काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांमुळे वातावरण चिघळले, असे त्यांनी बैठकीनंतर सांगितले. या खुलाशावर महाराष्ट्रातील विरोधकांनी शंकाही घेतली. वाद कोणत्या खात्यावरील कोणत्या वाक्यामुळे वाढला याची छाननी गृहमंत्र्यांच्या पातळीवर करावी लागली, एवढे या प्रकरणातून निश्चित दिसते.

निकष व गणित

सामान्यतः पुढील बाबी मोजल्या जातात: अनुयायांची संख्या, ठरावीक काळातील नोंदींची संख्या, नोंदींना मिळालेल्या पसंती, प्रतिक्रिया व पुढे पाठवण्या, आणि नागरिकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. सहभागाचा दर काढताना प्रत्येक नोंदीमागील सरासरी प्रतिसादाला अनुयायांच्या संख्येने भागून शंभराने गुणतात.

समजा, 'अ' या प्रतिनिधीचे ५,००,००० अनुयायी आहेत. महिन्यात त्यांच्या १२० नोंदी झाल्या व त्यांना एकूण ३,००,००० प्रतिसाद मिळाले. प्रत्येक नोंदीमागे २,५०० प्रतिसाद, म्हणजे सहभागाचा दर ०.५ टक्के. 'ब' यांचे २०,००० अनुयायी, १५ नोंदी व १८,००० प्रतिसाद. प्रत्येक नोंदीमागे १,२०० आणि दर ६ टक्के. आता समजा, 'अ' यांना ४०० प्रश्न विचारले गेले व त्यांपैकी ८ प्रश्नांना उत्तर मिळाले. 'ब' यांना ५० विचारले गेले व ३० ना उत्तर मिळाले. प्रतिसादशीलता अनुक्रमे २ व ६० टक्के.

यावरून एकच निर्देशांक काढायचा झाल्यास प्रत्येक निकषातील मोठ्या आकड्याला १०० मानून दुसरा त्या प्रमाणात मांडतात. 'अ' यांना अनुयायांत १००, नोंदींत १००, सहभागात ८.३ व उत्तरांत ३.३ गुण मिळतात. 'ब' यांना अनुक्रमे ४, १२.५, १०० व १००. चारही निकषांना समान भार दिला तर 'अ' ५२.९ आणि 'ब' ५४.१, म्हणजे जवळजवळ बरोबरी. अनुयायांना ४०, नोंदींना ३०, सहभागाला २० व उत्तरांना १० टक्के भार दिला तर 'अ' ७२ आणि 'ब' ३५.४. हाच भार उलटा केला की 'अ' ३३.८ आणि 'ब' ७२.९. माहिती तीच, प्रतिनिधी तेच. केवळ भार बदलला आणि विजेता बदलला. भार कसा ठरविला हे न सांगणारी क्रमवारी म्हणूनच निरुपयोगी होय, मग ती कितीही रंगीत आलेखांनी सजविलेली असो.

सरासरीचाही एक सापळा आहे. ३० नोंदींपैकी २९ ना प्रत्येकी २०० आणि एकीला ९४,२०० प्रतिसाद मिळाले, तर एकूण एक लाख आणि सरासरी ३,३३३ येते. प्रत्यक्षात एकाही नोंदीला तीन हजारांच्या जवळपास प्रतिसाद नाही. येथे मध्यगा, म्हणजे चढत्या क्रमाने मांडलेल्या आकड्यांतील मधला आकडा, २०० येतो आणि तोच नेहमीच्या स्थितीचे खरे चित्र देतो.

भाजक कोणता घ्यावा, हा प्रश्न याहून अवघड आहे. सातारा व सांगली या लोकसभा मतदारसंघांत २०२४ साली प्रत्येकी १८ लाखांहून अधिक मतदार होते. विधानसभेचा मतदारसंघ त्याच्या सुमारे एक षष्ठांश असतो. खासदार व आमदार यांच्या अनुयायांची सरळ तुलना त्यामुळे गैर ठरते. शिवाय अनुयायी मतदारसंघातील आहेत की बाहेरचे, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही, आणि कळले तरी त्याचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या भागांतील सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभर विखुरलेले आहेत. पाटण, जावळी व आसपासच्या तालुक्यांतील हजारो कुटुंबे माथाडी व इतर कामांसाठी मुंबई-नवी मुंबईत स्थिरावली आहेत. यांतील अनेकांची नावे गावच्या मतदार यादीत असतात. यात्रेला व मतदानाला ते गावी येतात. चेन्नईत वा घणसोलीत बसून विट्याच्या किंवा पाटणच्या आमदाराची नोंद वाचणारा वाचक 'बाहेरचा' म्हणून वगळला, तर मापन गावाच्या वास्तवापासून दूर जाते.

आशयाचे वर्गीकरण

किती नोंदी टाकल्या यापेक्षा कशाविषयी टाकल्या हे अधिक बोलके असते. त्यासाठी नोंदींचे वर्ग पाडतात. ग्रामीण महाराष्ट्रातील प्रतिनिधींच्या पानांवर सामान्यतः वाढदिवसाच्या शुभेच्छा, जयंती-पुण्यतिथीचे अभिवादन, लग्नसमारंभ व सांत्वनपर भेटी, भूमिपूजन-उद्घाटने, यात्रा, कुस्ती मैदाने आणि बैलगाडा शर्यती, पक्षीय टीका, शासकीय योजनांची माहिती आणि सभागृहातील कामकाज असे वर्ग करता येतात. शहरी अभ्यासक पहिल्या काही वर्गांना सरसकट 'निरुपयोगी' म्हणून बाजूला काढतात. हे योग्य नव्हे. सांत्वनपर भेट हा या भागातील राजकारणाचा जुना आचार आहे. प्रतिनिधी दुःखात दारी आला की नाही हे घर विसरत नाही. मात्र कोयना वा म्हैसाळ योजनेच्या पाण्याविषयीची नोंद आणि वाढदिवसाचे शुभेच्छापत्र यांना एकच गुण देणेही तितकेच चुकीचे आहे.

वर्गीकरण दोन वाचकांनी एकमेकांना न विचारता करावे असा संकेत आहे. दोघांचे एकमत किती झाले हे मोजताना योगायोगाने होणारे एकमत वजा करावे लागते. जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचविलेला कप्पा हा गुणांक त्यासाठी वापरतात. उदा. २०० नोंदींपैकी १६० वर, म्हणजे ८० टक्के, एकमत झाले आणि योगायोगाने ५० टक्के अपेक्षित होते, तर कप्पा ०.६ येतो.

हे काम संगणकाकडून करून घेण्याचेही प्रयत्न आहेत. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ साली सुमारे १६,००० मराठी ट्विटचा भावना-विश्लेषणासाठी संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील ट्विट महाराष्ट्रातील सार्वजनिक व्यक्तींच्या खात्यांवरून घेतलेले होते आणि सकारात्मक, नकारात्मक व तटस्थ अशा वर्गांत विभागलेले होते. तरीही मराठी प्रतिक्रिया यंत्राला अवघडच जातात. रोमन लिपीतील मराठी, बोलीतील शब्द, जतकडील कानडीमिश्रित वाक्ये आणि विशेषतः उपरोध यांचा उलगडा यंत्राला सहज होत नाही. रस्त्यावरील खड्ड्याच्या छायाचित्राखाली कोणी 'धन्य झालो साहेब' लिहिले, तर ती स्तुती नाही हे कोरेगावच्या शाळकरी मुलालाही कळते.

काही प्रसंग

१८ ऑक्टोबर २०१९ रोजी सातारा येथील सभेत शरद पवार यांनी भर पावसात भाषण केले. त्याची छायाचित्रे व चित्रफिती काही तासांत राज्यभर पोहोचल्या. उदयनराजे भोसले यांनी खासदारकीचा राजीनामा देऊन पक्षांतर केल्यामुळे सातारा लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच २१ ऑक्टोबरला झाली. तीत श्रीनिवास पाटील यांनी त्यांचा सुमारे ८७ हजार मतांनी पराभव केला. हा विजय त्या चित्रफितीमुळे झाला असे अनेकदा लिहिले जाते. मापनशास्त्राच्या दृष्टीने ते सिद्ध करता येत नाही. चित्रफीत आणि मतदान यांत तीनच दिवसांचे अंतर होते, पक्षांतराविषयीची नाराजी आधीपासून होती आणि चित्रफीत न पाहिलेल्या मतदारांची वेगळी नोंद उपलब्ध नाही. दुसऱ्या बाजूने, उदयनराजे यांची समाजमाध्यमांवरील लोकप्रियता तेव्हाही दांडगी होती. दृश्यता आणि मते यांचे नाते सरळ रेषेचे नाही, एवढे हे उदाहरण दाखविते. पुढे २०२४ साली तेच साताऱ्यातून पुन्हा लोकसभेवर निवडून आले.

२२ जुलै २०२० रोजी राज्यसभा सदस्यत्वाची शपथ घेताना उदयनराजे यांनी 'जय भवानी, जय शिवाजी' अशी घोषणा दिली आणि सभापती व्यंकय्या नायडू यांनी सभागृहात घोषणा न देण्याची समज दिली. हा काही सेकंदांचा प्रसंग कित्येक दिवस गाजला. सभागृहातील प्रश्न, चर्चा व विधेयके यांच्या कोणत्याही रकान्यात तो बसत नाही. दृश्यतेच्या रकान्यात मात्र तो वर्षभराच्या नोंदींना मागे टाकू शकतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने वेगळाच धडा दिला. सांगलीत आयर्विन पुलाजवळील कृष्णेची पातळी, जिथे ४५ फूट ही धोक्याची रेषा आहे, ५७ फुटांच्या वर गेली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून अनेकांचा मृत्यू झाला. त्याच दिवसांत पूरपाहणीच्या वेळी नावेतून हात हलवतानाची एका मंत्र्यांची चित्रफीत सर्वदूर फिरली आणि तिच्यावर कडाडून टीका झाली. प्रतिसादांची केवळ संख्या मोजणाऱ्या निर्देशांकात ही चित्रफीत त्या आठवड्यातील सर्वांत 'यशस्वी' ठरली असती. अशा काळात नागरिकाला हवी असते ती पातळी, विसर्ग, बंद रस्ते व निवारा केंद्रे यांची वेळेवरची माहिती. तेव्हा नोंदीला किती पसंती मिळाली यापेक्षा ती किती वाजता आली, खरी होती का आणि बदललेली माहिती पुन्हा दिली गेली का, हे पाहिले पाहिजे. जाता जाता हेही नमूद करावे की आयर्विन पुलाचा आकडा सांगलीकराला भिडतो, कारण ४५ म्हणजे काय हे त्याला ठाऊक असते, निर्देशांकातील ५४.१ म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नसते.

सभागृहातील कामाशी सांगड

ऑनलाइन सक्रियतेची तुलना सभागृहातील कामाशी करण्याची कल्पना स्वाभाविक आहे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न स्वीकारले जातात. तारांकितांची निवड सोडतीने होते. विधिमंडळात तारांकित प्रश्नांखेरीज लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्ध्या तासाची चर्चा अशी आयुधे आहेत. प्रतिनिधीने सभागृहात मांडलेला विषय आणि समाजमाध्यमावर मांडलेला विषय एकच आहे का, हे पाहणे उद्बोधक ठरते.

परंतु मंत्री प्रश्न विचारत नाहीत. ते उत्तरे देतात. म्हणूनच पीआरएस मंत्र्यांची अशी आकडेवारी देत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातील शंभूराज देसाई, शिवेंद्रसिंहराजे भोसले, जयकुमार गोरे व मकरंद जाधव-पाटील हे चार आमदार एकाच वेळी मंत्री झाले. सांगली जिल्ह्याच्या वाट्याला त्या विस्तारात एकही मंत्रिपद आले नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या आठ-आठ आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांची बेरीज करून तुलना केली, तर साताऱ्याचे निम्मे प्रतिनिधी शून्यावर दिसतील. समाजमाध्यमांवर नेमके उलटे घडते: मंत्र्याच्या दौऱ्याला, बैठकीला व घोषणेला शासकीय यंत्रणेचीही प्रसिद्धी मिळते आणि त्याचा आलेख चढतो. एकाच व्यक्तीचे एकाच महिन्यातील दोन आकडे परस्परविरोधी साक्ष देतात. पद लक्षात घेतल्याखेरीज दोन्ही साक्षी अपुऱ्या आहेत.

मर्यादा

सर्वांत मोठी मर्यादा व्हॉट्सॲपची. गावातील बातमी, निधनवार्ता, पाणी सोडण्याची वेळ आणि आमदारांच्या कार्यक्रमाची पत्रिका प्रामुख्याने तेथेच फिरते. २०१६ पासून तेथील संदेश पूर्णतः कूटबद्ध असल्याने बाहेरच्या अभ्यासकाला काहीच मोजता येत नाही, आणि खासगीपणाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परिणामी ट्विटरवर, आताच्या एक्सवर, जे दिसते तेच मोजले जाते. ते माध्यम ग्रामीण मतदाराच्या रोजच्या वापरात फारसे नसते.

दुसरी मर्यादा विषमतेची. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात कधीतरी आंतरजाल वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३३ टक्के, तर पुरुषांचे ५७ टक्के होते. प्रतिक्रियांमधून 'लोकांचे मत' काढताना हे मत बहुतांशी कोणाचे आहे, याचे भान ठेवावे लागते. माणच्या दुष्काळी वाडीतील जी स्त्री पाण्यासाठी टँकरची वाट पाहते, तिची तक्रार कोणत्याही सहभाग-दरात उमटत नाही.

तिसरी मर्यादा मापनाच्या परिणामाची आहे. मोजमाप हेच उद्दिष्ट बनले की ते चांगले मोजमाप राहत नाही, हा विचार अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या १९७५ मधील मांडणीवरून ओळखला जातो. ब्रिटनमध्ये सदस्य किती वेळा बोलले हे जाहीर होऊ लागल्यावर काही जण केवळ आकड्यासाठी एखाद-दुसरे वाक्य बोलून घेऊ लागल्याच्या बातम्या २००६ मध्ये आल्या. मध्य प्रदेशात सप्टेंबर २०१८ मध्ये प्रदेश काँग्रेसने विधानसभेची उमेदवारी मागणाऱ्यांसाठी फेसबुक पानावर १५,००० पसंती आणि ट्विटरवर ५,००० अनुयायी अशी अट घालणारे पत्रक काढले व थोड्याच दिवसांत मागे घेतले. अनुयायी विकत मिळतात, हे उघड गुपित आहे. जुलै २०१८ मध्ये ट्विटरने संशयास्पद खाती गणनेतून वगळली, तेव्हा जगभरातील अनेक नेत्यांचे आकडे एका दिवसात घसरले होते.

चौथी मर्यादा साधनांची. व्यक्तीच्या ऑनलाइन प्रभावाला १ ते १०० गुण देणारी 'क्लाउट' ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये बंद पडली. तिचे गुणसूत्र कधीच पूर्णपणे उघड झाले नाही. ट्विटरने २०२३ च्या आरंभी संशोधकांना मिळणारी विनामूल्य माहिती थांबविली. फेसबुकवरील सार्वजनिक पानांचा अभ्यास ज्यावर अवलंबून होता ते 'क्राउडटँगल' हे साधन मेटा कंपनीने १४ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी तीनच महिने, बंद केले. त्याऐवजी उपलब्ध केलेल्या संग्रहात प्रवेश मिळविण्यासाठी संशोधकाला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. राजकीय जाहिरातींचा संग्रह मात्र २०१९ पासून भारतात खुला आहे. कोणत्या पानाने कोणती जाहिरात दिली व अंदाजे किती खर्च केला, हे विद्यार्थ्यालाही त्यात शोधता येते. विधानसभा उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २०२२ पासून मोठ्या राज्यांत ४० लाख रुपये आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे. त्या हिशेबाशी जाहिरातींचे आकडे ताडून पाहण्याचे काम कोणत्याही तालुक्यातील महाविद्यालयात, एक संगणक आणि उमेदवारांची शपथपत्रे एवढ्या सामग्रीवर, होऊ शकते.